पहिल्या ऑर्डरवरची सूट कुणाच्या खिशात जाते?

कोल्हापुरात आता चप्पल लाइनीतल्या दुकानदाराचीही स्वतःची वेबसाइट असते. कांदा-लसूण चटणी, गूळ, साज, हुपरीचे चांदीचे दागिने, सगळं फोनवरून मागवता येतं. वेबसाइट सुरू झाली की आठवडाभरात कुणीतरी सुचवतंच, "पहिल्या ऑर्डरवर २०० रुपये सूट ठेवा, गिऱ्हाईक कसं येतंय बघा." सल्ला बरोबर आहे. न बघितलेल्या दुकानातून, पायात घालून न बघता चप्पल मागवायची म्हणजे नव्या माणसाला थोडा धीर द्यावा लागतो. सूट तो धीर देते.

या २०० रुपयांचा हिशेब मात्र आधी मांडून बघायला हवा. समजा, कापशीचा (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) जोड १,४०० रुपयांना विकला. चामडं, कारागिराची मजुरी, खोकं, कुरिअर, पेमेंट गेटवेचं कमिशन असं सगळं वजा जाता दुकानदाराच्या हाती २५० रुपये राहतात. त्यातून २०० सूट गेली की उरले ५०. हे ५० रुपये तो हसत घेतो. हेच गिऱ्हाईक दिवाळीला घरच्यांसाठी पुन्हा येईल आणि तेव्हा पूर्ण भावानं घेईल, अशी त्याची आशा असते. आता एकच माणूस सात नावांनी सात वेळा 'पहिली' ऑर्डर देऊन गेला, तर सुटीपोटी १,४०० रुपये गेले, म्हणजे एका जोडाची पूर्ण किंमत गेली, आणि नवं गिऱ्हाईक मिळालं एक. तेही असं, की जे पूर्ण भावानं कधीच घेणार नाही.

हा पैसा शेवटी निघतो कुठून? दुकानदार पुढच्या वर्षी ऑफर बंद करतो, किंवा सगळ्याच मालाचा भाव थोडा चढवून ठेवतो, किंवा कारागिराला सांगतो की यंदा मजुरी वाढवायला जमणार नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, नाव जगभर गेलं. जोड शिवणाऱ्याच्या हातात पडणारी रक्कम मात्र अजून बेताचीच आहे. कुणी सूट लुबाडली असं ऐकलं की मला आधी तो आठवतो.

म्हणून हा विषय दुकानदारांनीही समजून घ्यावा आणि त्यांच्यासाठी वेबसाइट बनवणाऱ्या पोरांनीही. माझं म्हणणं एवढंच आहे की गिऱ्हाइकांवर संशय घेण्याआधी आपण ऑफर कशी बांधली आहे ते बघावं. बहुतेक वेळा भोक ऑफरमध्येच असतं.

याचं जुनं आणि प्रसिद्ध उदाहरण इंटरनेटच्या आधीचं आहे. १९९२ साली ब्रिटनमध्ये हूव्हर कंपनीनं १०० पौंडांच्या खरेदीवर दोन विमान तिकिटं मोफत देऊ केली. तिकिटांची किंमत खरेदीपेक्षा कितीतरी जास्त होती. लोकांनी व्हॅक्यूम क्लीनरची गरज नसताना क्लीनर घेतले आणि तिकिटं मागितली. त्यात फसवणूक कुणीच केली नव्हती, तरी कंपनीला सुमारे ५ कोटी पौंडांचा फटका बसला. ऑफर एकूण कितीजणांना मिळणार, याची मर्यादाच कुणी ठरवली नव्हती. आपल्याकडच्या छोट्या दुकानानंही पहिलं काम तेच करावं: या ऑफरसाठी जास्तीत जास्त किती रुपये जाऊ द्यायचे तो आकडा ठरवावा आणि तो सॉफ्टवेअरमध्ये घालावा. एकूण ५०० कोड, दिवसाला ६०. रोज तीस-चाळीस वापरले जातात आणि एका रात्रीत ६० संपले, तर मालकाच्या फोनवर तसा मेसेज जावा. सकाळी दुकान उघडेपर्यंत थांबायला लागू नये.

सूट लुबाडतं कोण?

सगळ्यांना एका मापानं मोजू नये. बी.ए.ला असलेला पोरगा स्वतःच्या नंबरवर एक कूपन घेतो आणि आईच्या नंबरवर दुसरं. आई खरंच वेगळी व्यक्ती आहे, तिच्या पायातही चप्पल लागतेच. याला मी फसवणूक म्हणणार नाही. दुसरा असतो छोटा व्यापारी. 'एका ग्राहकाला एकच' ही अट चुकवून तो वेगवेगळ्या नावांनी स्वस्तात माल उचलतो आणि दुसऱ्या गावात मूळ भावानं विकतो. तिसरी असते टोळी. डझनांनी सिमकार्डं, आपोआप खाती उघडणारा प्रोग्राम, आणि कुठल्या साइटवर कोणती ऑफर ढिली आहे त्याची खबर देणारे टेलिग्राम ग्रुप. चौथा प्रकार सांगायला अवघड वाटतं, पण तो असतो: दुकानातलाच माणूस, जो कर्मचाऱ्यांसाठीचा कोड मित्रांच्या ग्रुपवर टाकतो.

टोळीचा आवाका किती असतो ते मोठ्या कंपन्यांकडे बघून कळतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये पेपालनं जाहीर केलं की बक्षिसाच्या योजना लुबाडण्यासाठी उघडलेली अशी सुमारे ४५ लाख खाती त्यांना सापडली. चीनमधल्या पिंडुओडुओ या साइटवर जानेवारी २०१९ मध्ये एका त्रुटीमुळे १०० युआनची कुपनं बेसुमार काढता येऊ लागली, आणि लोकांनी ती घाईघाईनं मोबाइल रिचार्जवर खर्च केली. रिचार्जच का? कारण रिचार्ज म्हणजे जवळजवळ रोख रक्कम, तो परत मागता येत नाही. आपल्या साइटवर गिफ्ट व्हाउचर विकत असाल तर सुटीचा कोड त्यावर चालू देऊ नका. २०० ची सूट घेऊन १,००० चं व्हाउचर ८०० ला मिळालं, तर त्यानं चप्पल नाही, तुमचेच पैसे विकत घेतले.

यादी उघडून बघा

एक आकृती डोळ्यांसमोर राहावी म्हणून पाडव्याच्या ऑफरमधल्या सात ऑर्डरी घेऊ. नावं सात, सगळी वेगळी. पत्त्याच्या रकान्यात पहिलीला 'राजारामपुरी ८ वी गल्ली', दुसरीला 'आठवी गल्ली, राजारामपुरी', तिसरीला 'आर. पुरी, लेन नं. ८', चौथीला 'राजाराम पुरी, आठ, बेकरीशेजारी'. पुढच्या तिन्ही अशाच थोड्या फिरवलेल्या. ईमेल बघावेत तर नाव तेच, फक्त मध्ये टिंब सरकत गेलंय. वेळ रात्री १ वाजून १० मिनिटांपासून १ वाजून ३२ मिनिटांपर्यंत. सातही जोड कापशी, सातही ९ नंबरचे. घरात सात माणसं असू शकतात, पण सातांचा पाय एकाच मापाचा, हे होत नाही. आणि सातही ऑर्डरींचे पैसे एकाच यूपीआय आयडीवरून आलेत.

मालकाला हे एका नजरेत कळतं. त्याला तर पायताण नुसतं हातात घेऊन कुठल्या गावचा हात आहे ते सांगता येतं. कॉम्प्युटरला मात्र सात वेगळी नावं म्हणजे सात वेगळी माणसं. मालकाची नजर कॉम्प्युटरला शिकवायची, एवढंच खरं काम आहे.

ईमेलपासून सुरुवात करू. जीमेलच्या पत्त्यात टिंब कुठंही घातलं तरी पत्र त्याच पेटीत येतं, आणि नावापुढं अधिकचं चिन्ह टाकून काहीही लिहिलं तरी तेच. म्हणून जीमेलचा पत्ता तपासताना टिंबं काढून आणि अधिकपुढचा मजकूर तोडून मगच 'हा आधी आलाय का' असं बघायचं. हा नियम सगळ्या ईमेल कंपन्यांना सरसकट लावू नका. काही ठिकाणी टिंब असलेला आणि नसलेला पत्ता खरोखर दोन माणसांचे असतात.

फोन नंबर हा ईमेलपेक्षा भक्कम पुरावा, कारण ओटीपी यायला सिम लागतं आणि सिम घ्यायला ओळखपत्र लागतं. तरी एका व्यक्तीच्या नावावर आपल्या देशात ९ सिम घेता येतात (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येच्या राज्यांत ६). २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं या मर्यादेपेक्षा जास्त सिम बाळगल्यास पहिल्या वेळी ५० हजारांपर्यंत आणि पुढच्या वेळी २ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. म्हणजे ओटीपीनं लूट शून्यावर येत नाही, पण महाग होते. २०० रुपयांसाठी नवं सिम घेणं परवडू नये, इतपतच ओटीपीचं काम. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. त्यामुळे 'या नंबरवर सूट आधीच वापरली आहे' असं दिसलं, तरी समोरचा माणूस खरंच नवा असू शकतो.

पत्त्याचं प्रकरण आपल्याकडे सर्वात गुंतागुंतीचं. पिन कोड, गल्लीचा आकडा आणि घर नंबर वेगळ्या रकान्यांत भरायला लावले तर निम्मी डोकेदुखी जाते. 'आठ', 'आठवी', '८ वी', 'लेन ८' हे सगळं एकच समजायला सॉफ्टवेअरला सांगता येतं. पण पत्ता जुळला म्हणून लगेच हात धरायचा नाही. जुन्या पेठांतल्या वाड्यात चार बिऱ्हाडं असतात. कॉलेजच्या हॉस्टेलचा पत्ता शेकडो मुलांचा एकच. आणि राधानगरी-भुदरगडकडच्या कितीतरी गावांत पार्सल घरी येतच नाही, स्टँडजवळच्या ओळखीच्या दुकानात उतरतं. अख्ख्या गावाचा पत्ता तोच. तिथल्या पहिल्या माणसानंतर सगळ्यांना तुम्ही चोर ठरवलंत तर त्या गावातून पुन्हा ऑर्डर यायची नाही.

आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरून, माणूस अडवणं हे तर मी कुणालाच सुचवत नाही. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता हजारो ग्राहकांत वाटून देतात. एकाला बंद केलं की भलतेच लोक बाहेर राहतात, आणि ज्याच्यासाठी केलं तो विमान मोड लावून काढतो आणि नवा पत्ता घेऊन आत येतो.

फोन किंवा ब्राउझरची ओळख थोडी कामाची. स्क्रीनचा आकार, भाषा, ब्राउझरची आवृत्ती अशा खुणा जुळवून 'हे तेच यंत्र असावं' असा अंदाज काढता येतो. पण एकाच मॉडेलचे दोन स्वस्त फोन या नजरेला सारखेच दिसतात, आणि एका घरात एकच फोन चौघं वापरतात. पैशाची वाट जास्त बोलकी असते. वेगवेगळी सात खाती आणि पैसे भरणारा यूपीआय आयडी एकच, ही खूण सहसा खोटं बोलत नाही. कार्डाचा पूर्ण नंबर मात्र साठवायचा विचारही करू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तो ठेवता येत नाही.

मग निर्णय कसा घ्यायचा? प्रत्येक खुणेला गुण द्या. पत्ता जुळला तर थोडे, यंत्र जुळलं तर थोडे, पैसे भरणारा एकच निघाला तर बरेच, पंधरा-वीस मिनिटांत एकाच मापाच्या चार ऑर्डरी आल्या तर आणखी. बेरीज ठरावीक आकड्यापुढं गेली की मगच काहीतरी करा. आणि 'काहीतरी' म्हणजे काय, यावर सगळं आहे. माझ्या मते सूट थांबवावी, विक्री थांबवू नये. चेकआउटवर नम्रपणे लिहावं: 'ही सूट या ऑर्डरवर लागू होत नाही. आपण नवे ग्राहक असाल तर या नंबरवर कळवा.' खरं गिऱ्हाईक फोन करतं, दोन वाक्यांत उलगडा होतो, आणि कोल्हापुरी माणूस फोनवर बोलला की ओळख वाढते हे तर आहेच. सात नावांवाला फोन करत नाही, पुढची साइट शोधायला जातो. खातं बंद करणं, आधीची ऑर्डर रद्द करणं, व्हॉट्सअ‍ॅपवर झापणं, यातलं काहीही लागत नाही.

मालक मंडळी इथं दोन टोकांना जातात. एक म्हणतो, "आमचं गिऱ्हाईक तसलं न्हाई हो," आणि काहीच तपासत नाही. दुसरा एकदा पोळला की म्हणतो, "आधार कार्डाचा फोटो मागा सगळ्यांकडनं." २०० रुपयांच्या कुपनासाठी कुणाचं आधार मागू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा रोख कामापुरतीच माहिती घेण्याकडे आहे. आणि समजा घेतलीत, तर ती गळाली की जबाबदारी तुमची. शंभर लोकांच्या आधारचे फोटो दुकानातल्या कॉम्प्युटरवर पडून राहणं हा कूपन चोरीपेक्षा किती तरी मोठा धोका आहे.

कोड ओळखता येऊ नये

'पाडवा००१' ते 'पाडवा५००' असे कोड छापले की पहिला कोड हातात आलेल्याला उरलेले ४९९ फुकट मिळाले. हे सांगायला लागू नये, पण छापील कुपनांच्या सवयीमुळे लोक असेच क्रमांक घालतात. इंग्रजीतली २६ अक्षरं आणि १० अंक मिळून ३६ खुणा होतात. त्यांतून शून्य आणि ओ, एक आणि आय अशा एकसारख्या दिसणाऱ्या चार वगळल्या की ३२ राहतात. अशा ८ खुणांचा कोड बनवला तर सुमारे १ लाख १० हजार कोटी वेगवेगळे कोड होऊ शकतात. तुम्ही त्यातले १०,००० वाटलेत तरी अंदाजानं टाकलेला कोड लागण्याची शक्यता ११ कोटींत एक. अट एवढीच की हे कोड खरोखर यादृच्छिक हवेत, मागच्यावरून पुढचा काढता येईल असे नकोत.

सोबत, एका ठिकाणाहून लागोपाठ चुकीचे कोड पडू लागले की थोडा वेळ दार बंद करा. आणि चूक सांगताना फार माहिती देऊ नका. 'असा कोडच नाही' आणि 'हा कोड होता, मुदत संपली' असे दोन वेगळे संदेश दाखवले, तर तपासणाऱ्याला कळतं की दुसऱ्या प्रकारचा कोड खऱ्याच्या जवळचा आहे. दोन्हीला एकच वाक्य ठेवा: 'हा कोड चालू शकत नाही.'

सगळ्यांना एकच सार्वजनिक कोड द्यायचा असेल, जसं दिवाळीला देतात, तर तो फुटणारच असं धरून चाला. तो कूपन गोळा करणाऱ्या साइटवर जाईल, आणि ब्राउझरला जोडलेले काही छोटे प्रोग्राम (एक्स्टेन्शनं) तो आपोआप टाकून बघतील. त्यात गैर काही नाही, फक्त अशा कोडावर इतकीच सूट ठेवा जी कुणालाही देताना दुःख होणार नाही. भरपूर सूट द्यायची तर ती प्रत्येकाच्या स्वतंत्र, एकदाच चालणाऱ्या कोडावर. कर्मचाऱ्यांचे कोडही त्यांच्या नावानिशी आणि महिन्याच्या मर्यादेसह असावेत. कोड बनवणारा आणि त्याला मंजुरी देणारा असे दोघं वेगळे असले, की आपल्याच माणसावर संशय घ्यायची वेळ सहसा येत नाही.

एकाच क्षणी दोनदा

आता जरा तांत्रिक भाग. वेबसाइट बनवणाऱ्यांनी हा नीट वाचावा, कारण याची दुरुस्ती एका ओळीची असते आणि तरी ती राहून जाते.

दुकानात दोन गल्ले आणि कुपनांची वही एकच, असं समजा. पहिल्या गल्ल्यावरचा पोरगा वही बघतो, कोड वापरलेला नाही, म्हणून सूट देतो आणि मग नोंद करायला पेन शोधतो. तेवढ्यात दुसऱ्या गल्ल्यावरच्यानं वही बघितली. नोंद अजून झालेली नाही, म्हणून त्यानंही सूट दिली. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि कूपन दोनदा वापरलं गेलं. वेबसाइटवर हाच खेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात होतो. एकाच कोडानं पन्नास विनंत्या एकाच वेळी पाठवणारा प्रोग्राम लिहायला अवघड नाही. २०१५ साली एका सुरक्षा संशोधकानं स्टारबक्सच्या गिफ्ट कार्डांत हीच उणीव दाखवली होती. एका कार्डावरून दुसऱ्यावर रक्कम पाठवण्याची विनंती एकाच वेळी दोनदा गेली की एकच रक्कम दोनदा जमा होत होती.

उपाय असा: 'बघ' आणि 'नोंद कर' हे दोन वेगळे हुकूम ठेवायचे नाहीत. डेटाबेसला एकच हुकूम द्यायचा, 'हा कोड न वापरलेला असेल तरच वापरलेला अशी खूण कर', आणि किती ओळी बदलल्या ते विचारायचं. उत्तर एक आलं तर सूट द्यायची, शून्य आलं तर दुसरा कुणीतरी आधी पोचला. 'एका ग्राहकाला एकदाच' ही अटसुद्धा फक्त प्रोग्राममध्ये न ठेवता डेटाबेसमध्ये कोड आणि ग्राहक यांच्या जोडीवर युनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदवू न देणारी अट) म्हणून घाला. पडद्यावरचं बटण एकदा दाबल्यावर निष्क्रिय करणं चांगलं, पण त्याला सुरक्षा समजू नका. लुबाडणारा तुमचं बटण दाबतच नाही, तो थेट सर्व्हरशी बोलतो. तसंच सुटीची रक्कम नेहमी सर्व्हरनं काढावी. ब्राउझरनं पाठवलेल्या आकड्यावर बिल बनत असेल, तर कुपनाचीही गरज नाही, कुणीही हवी ती किंमत लिहून पाठवेल.

परत आलेला माल

सगळ्यात गुपचूप होणारी गळती इथं असते, आणि बऱ्याचदा ती कुणी हेतूनं केलेलीही नसते.

२,००० च्या खरेदीवर ५०० सूट आहे. गिऱ्हाइकानं १,४०० ची चप्पल आणि ६०० ची लेदर पर्स घेतली, १,५०० भरले. चार दिवसांनी चप्पल परत केली. सॉफ्टवेअरनं चपलेची किंमत बघितली आणि १,४०० परत दिले. झालं काय? ६०० ची पर्स १०० रुपयांत गेली.

दोन मार्ग आहेत. पहिला, सूट प्रत्येक वस्तूवर तिच्या किमतीच्या प्रमाणात वाटायची. २,००० पैकी १,४०० चपलेचे, म्हणून ५०० पैकी ३५० सूट चपलेवर आणि १५० पर्सवर. चप्पल परत आली तर १,०५० द्यायचे, पर्स ४५० ला पडते. दुसरा मार्ग कडक. चप्पल गेल्यावर खरेदी २,००० ची राहिली नाही, म्हणजे सुटीची अटच मोडली, म्हणून पर्सचे पूर्ण ६०० धरून उरलेले ९०० परत. दोन्ही न्याय्य आहेत. मी पहिल्याच्या बाजूचा आहे, कारण माप बसलं नाही म्हणून चप्पल परत करणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखं वाटू नये. चपलेच्या धंद्यात माप न बसणं हे रोजचं आहे. ज्यांच्याकडे मुद्दाम परत करण्याचं प्रमाण जास्त दिसतं, त्यांनी दुसरा घ्यावा. जो घ्याल तो ऑफरच्या पानावर उदाहरणासकट लिहा, बिलात बारीक अक्षरांत नको.

'दोनावर एक मोफत' यातही तेच. ६०० च्या तीन वस्तू १,२०० ला दिल्यात तर बिलावर एक वस्तू शून्याची आणि दोन ६०० च्या असं लिहू नका, तिन्ही ४०० च्या लिहा. नाहीतर ६०० वाल्या दोन्ही परत येतात आणि मोफतची एक गिऱ्हाइकाकडे फुकट राहते. विक्रीच्या वेळी बिलावरच दाखवलेली सूट जीएसटीच्या करपात्र किमतीतून वजा होते, त्यामुळे अशी वस्तूवार विभागणी तुमच्या अकाउंटंटलाही बरी पडते. आणि परताव्यानंतर तो कोड पुन्हा जिवंत करायचा का, हेही आधीच ठरवा. माप बदलून घेणाऱ्याचा करावा, बाकीच्यांचा नाही.

मित्राला आणा, १०० मिळवा

रेफरलची ऑफर मला आवडते. आपल्या गावात धंदा वाढतो तोच मुळी एकानं दुसऱ्याला सांगून. पण माणूस स्वतःच स्वतःचा मित्र होतो तेव्हा या ऑफरचं भांडं फुटतं. बक्षीस मित्रानं खातं उघडल्यावर लगेच दिलं, तर खाती उघडली जातील, खरेदी होणार नाही. ऑर्डर दिल्यावर दिलं, तर कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर पडेल, बक्षीस जमा होईल आणि कुरिअरवाला दारात आला की 'नको' म्हणून पार्सल परत जाईल. जाण्या-येण्याचं भाडं दुकानाच्या माथी. म्हणून बक्षीस मित्राची वस्तू पोचून, परत करण्याची मुदत संपल्यावरच द्यावं. रोख नको, पुढच्या खरेदीत वापरता येणारी रक्कम द्यावी. एका माणसाला महिन्याला पाच मित्रांपुरतंच. आणि मित्राच्या ऑर्डरचे पैसे बोलावणाऱ्याच्याच यूपीआयवरून आलेत का, एवढं बघावं. हे केलं की लुबाडणाऱ्याला १०० रुपयांसाठी खरी चप्पल विकत घेऊन ठेवून घ्यावी लागते, म्हणजे तो गिऱ्हाईकच झाला.

नियम दोन्ही बाजूंनी

दुकानदारानंही सूट सांगताना खरं बोलावं लागतं. आधी भाव चढवून मग त्यावर 'निम्मी सूट' लिहिणं, 'फक्त दोनच जोड उरले' असं खोटं घड्याळ लावणं, शेवटच्या पानावर नवं शुल्क चिकटवणं, हे सगळं फसवणंच. वेबसाइटवरच्या अशा फसव्या रचनांवर केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात १३ प्रकारच्या फसव्या रचना नावानिशी दिल्या आहेत, आणि खोटी घाई व शेवटी उघड होणारी किंमत त्यांत आहेत. लोकांना वारंवार असं फसवलं गेलं की दुकानाला फसवताना त्यांना वावगं वाटत नाही. हा संबंध मला फार महत्त्वाचा वाटतो.

कायदा कुठपर्यंत धरतो? आपल्याच दुसऱ्या नंबरवरून दुसरं कूपन घेणं हा सहसा अटींचा भंग असतो, आणि त्यावर सूट नाकारणं पुरेसं आहे. दुसऱ्याच्या ओळखीवर खाती उघडून पद्धतशीर लुबाडणं मात्र गुन्ह्याच्या हद्दीत जातं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६६सी दुसऱ्याची ओळख वापरण्याबद्दल आहे, ६६डी संगणकाच्या मदतीनं तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल. दोन्हीत ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. तक्रार करायची तर १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, आणि ऑर्डरींची यादी, वेळा, पैसे भरल्याचे व्यवहार क्रमांक हे सगळं आधी जपून ठेवायचं. रागाच्या भरात खाती उडवून टाकली की पुरावाही जातो. आणि गिऱ्हाइकांसाठी एक: आपल्या नावावर न घेतलेली सिमकार्डं चालू आहेत का, हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतो. टोळ्यांची सिमं कुणाच्या तरी नावावरच असतात.

ऑफर संपली की तीन महिन्यांनी पुन्हा यादी उघडा. कूपन वापरलेल्यांपैकी कितीजणांनी नंतर सूट नसताना खरेदी केली ते मोजा, आणि कूपन न घेता आलेल्यांशी ताडून बघा. कॉलेजात वाटलेले कोड, अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या बाहेरगावच्या लोकांना दुकानात दिलेले कोड, इन्स्टाग्रामवर टाकलेला कोड, यांच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या असतील तर आकडे स्वतःच बोलतात. ज्या कोडाची माणसं परत आली त्याची सूट पुढच्या पाडव्याला थोडी वाढवा, आणि ज्याची एकदाही आली नाहीत तो छापायचा बंद करा.